मधला दोरा

अंगठ्याच्या नखानं हिरवा देठ खुडताना जो एवढासा आवाज होतो, तो ऐकू यायला भोवती फार मोठी शांतता लागते. भाद्रपदातल्या सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, रत्नागिरीच्या मागच्या सड्यावर तशी शांतता असे. खाली समुद्र असूनही त्याची गाज वर पोचत नसे. वारा गवतातून जाई, पण पाहुण्यासारखा, कशालाही फारसा हात न लावता. आणि त्या विस्तीर्ण हिरव्या-काळ्या पठारावर एक काटकुळा म्हातारा ओणवा होऊन डाव्या हातानं एक रोप हलकेच धरी, उजव्या अंगठ्याचं नख त्याच्या देठाला टेकवी. टक्. धाकूनानांची आठवण निघाली की मला आधी तो आवाज ऐकू येतो, आणि चेहरा त्याच्या मागून, सावकाश येतो.

ते नख त्यांनी मुद्दाम राखलेलं होतं. बाकीची नऊ नखं शेतीनं खाल्लेली, फुटकी, मातीच्या रंगाची; हे एकच लांब, स्वच्छ आणि धार लावल्यासारखं. वाडीतल्या बायका त्यावरून त्यांची चेष्टा करत. "नाना, नखाला पालिश धाडायला सांगू काय मुंबयसनं?" असं कुणी विचारलं की नाना गंभीरपणे म्हणत, "सांग. पन हिरवा सांग. देवाच्या कामाला दुसरा कलर चालत नाय." आणि स्वतः न हसता पुढं जात. त्यांचं हसू चेहऱ्यावर कधी उतरत नसे. ते फक्त चालीत दिसे, पाऊल किंचित हलकं पडे.

देवाचं काम म्हणजे मंडपी. गणपतीच्या डोक्यावर, आढ्याला, एक लाकडी चौकट टांगतात. तिला केवणी या रानझुडपाच्या सालीचे दोर बांधतात आणि प्रत्येक दोराला रानातली एकेक वस्तू लटकवतात. लालभडक कवंडळं, उकललेल्या कांगणीचे घड, पांढऱ्या पानांची शेरवड, आईनाची पंखवाली फळं, सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घड, परसातली मोठी काकडी म्हणजे तवसं. शहरातल्या लोकांना ही सजावट वाटते. नाना तिला सजावट म्हणत नसत. त्यांच्या लेखी ती हजेरी होती. देव वर्षातून एकदा घरी येतो, तेव्हा त्याच्या रानात कोण कोण आहे हे त्याला मान वर केली की दिसलं पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो त्यांनी मला एकदा समजावून सांगितला आणि वर म्हणाले, "शाळंत तुमी पोरांची घेत व्हताव तशीच. फकत इथं कोन खोटं 'हजर' वरडत नाय."

या चौकटीत मधोमध एक दोरा असे, बाकीच्यांपेक्षा चार बोटं लांब. तो बरोबर देवाच्या मुकुटावर येई. त्याला फक्त एक फूल. त्या फुलाला नानांच्या घरात 'दिवटी' म्हणत. वाडीच्या बाहेर हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पुस्तकात त्याच्या गोताला कंदीलपुष्प म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. रोप इतकं साधं की गवतात गवत होऊन उभं राही. पानं पातीसारखी. पण श्रावण सरता सरता त्याला बोटभर लांबीचं एक फूल येई: तळाशी जरासं फुगीर, मग निमुळतं होत गेलेलं, हिरवट पांढरं, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकींना अशी जुळलेली की वाऱ्यात न हलणारी ज्योतच. अशी ज्योत देवावर उलटी टांगायची. नाना म्हणत, आपण खालून निरांजन दाखवतो, रान वरून दाखवतं.

ही दिवटी सड्यावर एकाच जागी उरली होती. सडा म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे आणि ज्यांनी पाहिलेलं आहे त्यांना त्याहून अवघड. कारण त्यांनी तो मे महिन्यात पाहिलेला असतो. मे महिन्यात तो भाजलेल्या भाकरीच्या करपलेल्या बाजूसारखा असतो. सरकारी दप्तरात त्याची नोंद पोटखराब अशी आहे, आणि ज्याला एकदा कागदावर खराब म्हटलं त्याचं काहीही करायला कुणाची ना नसते. एका अंगानं चिऱ्याच्या खाणींनी तो चौकोनी तुकड्यांत कापत आणला होता. दुसऱ्या अंगानं कातळ फोडून, बाहेरची माती ओतून, हापूसची कलमं लागली होती. तिसरीकडे तारांचं कुंपण आणि 'समुद्रदर्शनी प्लॉट' अशी पाटी होती. नाना या सगळ्याबद्दल तक्रार करत नसत. त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंती त्याच चिऱ्याच्या होत्या, आणि हे ते विसरलेले नव्हते. ते फक्त दर वर्षी थोडं अधिक लांब चालत जात.

त्यांच्या चालण्यात एक विचित्र गोष्ट होती: ते कधी सरळ रेषेत चालत नसत. कातळावर जिथं जिथं मूठभर माती साठून काही उगवलं असेल, तिथं त्यांचं पाऊल आपोआप वळसा घेई, झोपलेल्या माणसांनी भरलेल्या खोलीतून जावं तसं. मी मागून माझ्या चपलांनी बरंच काही तुडवत जात असे. ते वळून पाहत नसत, पण त्यांच्या पाठीला ते कळत असे, असं मला वाटे.

खुडण्याचा त्यांचा नियम एकच होता. दिवटीच्या खाली जमिनीत लहान कांद्याएवढा कंद असतो. त्याला धक्का लागता कामा नये. पंधरा-वीस रोपांतलं एक निवडायचं, नखानं देठ तोडायचा, उठायचं, आणि मागं वळून पाहायचं नाही. "वडायचं नाय, मास्तर. खुडायचं. वडलं की पुढल्या साली देव इचारील, दिवटी कुटं हाय? मंग काय सांगशाल?"

काय सांगशाल, या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी शहरातल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त शिक्षक हा गावातला असा प्राणी आहे की ज्याला वेळ असतो, नावापुढे 'सर' असतं आणि मानधन द्यावं लागत नाही. त्यामुळे त्याची गणना नैसर्गिक परीक्षकांत होते. शहरातल्या एका मंडळानं पर्यावरणपूरक मंडपी स्पर्धा काढली तेव्हा माझी निवड बिनविरोध झाली. पहिल्या वर्षी निकष होता 'सौंदर्य'. अर्थातच थर्माकोलच्या कमळात फिरते दिवे लावणाऱ्यांना पहिलं बक्षीस मिळालं. नानांच्या सुनेनं, सुवर्णानं, हौसेनं त्यांचं नाव स्पर्धेत घातलं होतं. तिचा नवरा मुंबईला कंपनीत, आणि घरात ती आणि नाना दोघंच. नानांच्या मंडपीचा आमच्याकडे नुसता फोटो आला होता; तिला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही. मला ते लागलं. मी एस.टी.नं त्यांच्याकडे गेलो, मंडपी पाहिली, मधल्या दोऱ्याच्या टोकाशी ती उलटी ज्योत पाहिली, आणि माझ्यातला सुधारक जागा झाला. तो झोपलेलाच बरा होता.

दोन भाद्रपद मी नानांच्या मागून सड्यावर हिंडलो, आणि मग मंडळाच्या बैठकीत नवा नियम सुचवला. सौंदर्य मोजता येत नाही, जाती मोजता येतात. मंडपीत जितक्या रानटी जाती, तितके गुण. दुर्मीळ जातीला पाच. लोकांना आपलं रान ओळखायची गोडी लागेल, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझा उल्लेख 'निसर्गाचे चालतेबोलते विद्यापीठ' असा केला; मला शेरवड आणि कवंडळ यांतला फरक कळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. शिवाय स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहिला. त्या लेखात नाना होते, त्यांचं नख होतं, दिवटी होती. आणि वर्णन चांगलं साधलं म्हणून मीच खूश होतो. शेवटच्या थांब्यावरून वर चढणारी पायवाट, मग पाण्याची कोंड, कोंडीच्या पश्चिमेला कातळातले तीन खळगे, आणि त्यांतल्या मधल्या खळग्यात तेवणाऱ्या त्या हिरव्या ज्योती. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो होतो की वर्णन असं करा, की वाचणाऱ्याला त्या जागी गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

स्मरणिका श्रावणात निघाली. नानांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी ती घेऊन गेलो आणि त्यांच्या ओटीवर बसून मोठ्यानं वाचली. पागोळ्या गळत होत्या. सुवर्णा दाराशी उभी राहून ऐकत होती आणि नखाचा भाग आला तेव्हा तोंडाला पदर लावून हसली. नाना मात्र डोळे मिटून, गुडघ्यांना हाताची मिठी घालून, भजन ऐकावं तसे ऐकत होते. वाचून झालं तरी डोळे मिटलेलेच ठेवले. मग म्हणाले, "झ्याक लिवलाव, मास्तर. अगदी जाऊन आल्यावानी वाटला."

मी स्तुती स्वीकारण्याच्या बेतात होतो.

"पन वाट कशाला सांगितलीव?"

"अहो नाना, एका फुलासाठी कोण येतंय एवढ्या लांब?" मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे पाहिलं. लेखाच्या समोरच्याच पानावर स्पर्धेचे नियम छापलेले होते, चौकटीत, ठळक. ते त्यांना वाचता येत नव्हते. मला येत होते.

गणेश चतुर्थीच्या आदल्या सकाळी मी त्यांच्याबरोबर सड्यावर गेलो. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि आकाश धुतलेल्या परातीसारखं लख्ख होतं. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यांतून वाट काढत आम्ही कोंडीपाशी आलो. नानांची चाल तिथं मंदावली. मला वाटलं दम लागला. पण ते खाली पाहत होते: ओल्या मातीत बुटांचे ठसे होते, पुष्कळ, आणि ते सगळे सरळ रेषेत गेलेले होते.

मधल्या खळग्यात गवत तसंच होतं. त्यात लहान लहान भोकं होती, सुबक, कुणी एकेक दात उपसून काढावा तशी. भोकांत पाणी साठलं होतं आणि प्रत्येकात आकाशाचा एकेक निळा तुकडा होता. हे दृश्य सुंदर होतं, हे मला लिहिताना लाज वाटते, पण होतं.

नाना उकिडवे बसले. त्यांनी ते नख एका भोकात घातलं, मग दुसऱ्या, असं करत शेवटच्यापर्यंत, कंदाचा एखादा तुकडा मागं राहिला आहे का हे चाचपत. देठ खुडायला राखलेलं ते नख मातीनं काळं झालं. मग तळहातानं त्यांनी एकेक भोक बुजवलं आणि वर हलकेच थापटलं, लहान मुलाला निजवतात तसं. त्या सकाळी तो आवाज झाला नाही. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, जो आजवर कधी घेतला नव्हता, आणि इतकंच विचारलं:

"बगायला तुमीच जानार ना सगळीकडं?"

"हो."

"मंग कुटं टांगलेली दिसली तर कांदा हाय काय त्येवढा बगा. ओला असला तर घेऊन या. लावून बगू."

एवढं एक काम त्यांनी मला सांगितलं. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ कामं सांगितली आहेत. त्यांतलं हेच एक नाकारण्यासारखं नव्हतं, आणि नेमकं हेच माझ्याच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शहरात एका सोसायटीच्या मंडपात मला त्या सापडल्या. सतरा होत्या. मंडपी खूप मोठी, खाली जातींची नावं लिहिलेली पाटी, आणि मधोमध सतरा दिवट्या मुळांसकट, कंद स्वच्छ धुऊन, एका गोल कड्याला झुंबरासारख्या बांधलेल्या. कांद्यांच्या त्या फिकट, नागड्या गोळ्यांवर दिव्यांचा उजेड चमकत होता. "सर, तुमच्या लेखावरूनच शोधून काढल्या," एक तरुण इंजिनियर अभिमानानं म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं सुटी घेऊन, चिखल तुडवून, आपल्या मातीतलं काहीतरी शोधलं होतं. त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी तीस वर्षं वर्गात शोधत होतो आणि ती मला तिथं, त्या झुंबराखाली सापडली. मी म्हणालो, हे कंद मला द्या, आत्ताच्या आत्ता, ते परत लावायला हवेत. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, बक्षीस समारंभापर्यंत काही हलवायचं नाही, असा नियम आहे. प्रमुख पाहुणे स्वतः बघणार आहेत."

खाणीनं जे नेलं नव्हतं ते कौतुकानं नेलं, हे त्याच वेळी, तिथल्या तिथं मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पण माझ्या खांद्यावर नुकतीच घातलेली शाल होती. आणि शाल अंगावर असली की माणूस हात वर करत नाही, ती घसरते. मी गुणपत्रिका काढली. दिवटी: दुर्मीळ. पाच गुण दिले. नियमाप्रमाणे एका जातीला एकदाच गुण होते. एक टांगली असती तरी पाचच मिळाले असते. बाकीच्या सोळा उगाच होत्या.

समारंभात प्रमुख पाहुण्यांना घातलेला हार परदेशी ऑर्किडचा होता. भाषणात त्यांनी सांगितलं की आपली जैवविविधता ही आपली आई आहे. माईक दोनदा शिट्टी वाजवून गेला, तेवढाच काय तो विरोध.

मला कंद मिळाले ते पाचव्या दिवशी, तेही सहा-सातच. उरलेले निर्माल्याबरोबर गेले होते. ते वर्तमानपत्रात गुंडाळून मी नानांकडे नेले. त्यांनी एक उचलला, अंगठ्यानं चाचपला, नाकाजवळ नेला. मग दुसरा. "रंगाचा वास येतोय," ते म्हणाले. मी वास घेतला. तजेला टिकावा म्हणून कुणीतरी त्यांच्यावर वॉर्निशचा हात मारला होता.

तरी त्यांनी ते लावले. ओल्या फडक्यानं एकेक पुसून, परत सड्यावर नेऊन, त्याच खळग्यात. मी म्हणालो, "नाना, आता कसे येतील हे?" ते म्हणाले, "येतील न्हायतर न्हाय येतील. उघड्यावर टाकायचे काय?" माणसाला जसं आपल्या मातीत नेऊन ठेवतात तसं काहीतरी ते करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी भाद्रपदात नानांकडे जात राहिलो. परीक्षकपद सोडलं, माझ्या जागी दुसरे निवृत्त गृहस्थ आले आणि स्पर्धा अधिक भव्य झाली. सड्यावर प्लॉटांचं कुंपण कोंडीपर्यंत सरकलं. नानांना दिसायचं कमी झालं तरी ते काठी टेकत जात आणि त्या मधल्या खळग्यापाशी उकिडवे बसून तळहातानं गवत चाचपत, उजवीकडून डावीकडे, ताप पाहिल्यासारखं. मग "नाय अजून" म्हणून उठत. अजून. त्या एका शब्दाखाली मी दर वर्षी मान खाली घालून उभा राही. मी कधी क्षमा मागितली नाही. एकदा मागायला सुरुवात केली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पाय जरा बाजूला घ्या, हरळीवर हाय तुमचा," आणि तो विषय तिथंच राहिला.

घरी मंडपी बांधायची वेळ आली की बाकीचे दोर भरत. तेही आता पूर्वीसारखे नाहीत, कांगणी लांबून आणावी लागे, कवंडळ एखादंच मिळे. मधला दोरा ते तसाच सोडत. पहिल्या वर्षी सुवर्णा म्हणाली, "नाना, जास्वंद लावते तिथं, मोकळा दिसतोय."

"नको."

"मग बाजारात ती प्लास्टिकची—"

"ती जागा तिची हाय. आली की बसंल."

लग्नघरात उशिरा येणाऱ्या नातलगाचं पान धरून ठेवावं इतक्या सहजपणे ते म्हणाले. आणि तो दोरा, चार बोटं अधिक लांब, टोकाला नुसती गाठ घेऊन देवाच्या मुकुटावर लोंबत राहिला. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या, अशी दहा-बारा वर्षं.

नाना गेल्या चैत्रात गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता. सुवर्णा सांगत होती की शेवटच्या आजारात त्यांनी सगळी नखं कापू दिली, तेवढं एक कापू दिलं नाही. तिनंही मग आग्रह केला नाही. ते नख तसंच गेलं.

या भाद्रपदात मी गेलो तेव्हा मुंबईहून मुलगा आलेला होता, घरात माणसं होती, मोदकांचा वास होता. मी नमस्कार करून मान वर केली. मंडपी नवी होती, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची. सुपारी, नारळ, तवसं खरं. कवंडळं प्लास्टिकची, फार लाल, आणि सगळी एकाच मापाची. मधोमध केवणीचा नव्हे, नायलॉनचा एक दोरा, बाकीच्यांपेक्षा चार बोटं लांब. रिकामा. टोकाला गाठ.

मी त्या गाठीकडे बोट केलं. "सुवर्णा, हा मधला दोरा मोकळा ठेवलास?"

"मोकळाच ठेवायचा असतो ना तो आमच्यात," ती चहाचा कप पुढं करत म्हणाली. "नाना ठेवायचे. देव तिथनं खाली उतरतो, म्हणून तिथं काय बांधायचं नाय. शेजारच्या काकीनंपन औंदा तसाच ठेवलान."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. म्हणालो, तिथं एक फूल असायचं, दिवटी, तुला आठवत असेल. तिनं कपाळाला आठ्या घालून आठवलं. लग्न होऊन आली त्यानंतर चार-पाचच वेळा ती टांगलेली तिनं पाहिली असेल, आणि त्या धामधुमीत मान वर करायला सुनांना वेळ कुठं असतो. कसं होतं ते, तिनं विचारलं. मी पाची बोटांची टोकं वर जुळवून हात तिच्यापुढं धरला. तो घास भरवणाऱ्या हातासारखा दिसत होता, फुलासारखा मुळीच नाही. जन्मभर वर्णनं शिकवणाऱ्या माणसाला ते एक फूल उभं करता आलं नाही. ज्या वर्षी करता आलं होतं त्या वर्षी ते करायला नको होतं.

"ते माझ्यामुळं गेलं," मी म्हणालो. शेवटी म्हणालो.

"काय तरीच बोलताव, मास्तर!" ती हसली. "तुमी कवा फुलं तोडलाव? तुमाला तर धड कातळावर चालता येत नव्हता, नाना सांगायचे." आणि ती आत वळली, कारण आरतीची वेळ झाली होती.

टाळ वाजू लागले. कुणीतरी पंखा लावला आणि मंडपीचे सगळे दोर हलले, पण भरलेले दोर जरासे हलून थांबले; मधला मात्र हलतच राहिला, कारण त्याला धरून ठेवणारं वजन काही नव्हतं. खाली जमलेली माणसं डोळे मिटून गात होती. मी वर पाहत होतो. त्या टोकाच्या गाठीखाली, मुकुटाच्या किंचित वर, हवेचा बोटभर लांबीचा एक तुकडा होता, वर जरासा फुगीर, खाली निमुळता होत गेलेला; तो तिथं उपस्थित असलेल्या एका माणसालाच दिसत होता, आणि तो माणूस आता सत्तरीच्या पुढं आहे.

काळ आपल्याकडून वस्तू हिरावून घेतो, त्याला इलाज नाही. पण आधी तो त्यांची रिकामी जागा पवित्र करून देतो, म्हणजे काय हरवलं हे कुणी विचारत नाही, आणि सगळेच हात जोडलेले असल्यामुळं ते कोणत्या हातांनी गेलं हेही दिसत नाही.